पहिलं पान कोणाचं?

१९९१ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात एका समितीच्या बैठकांवर बैठका चालल्या होत्या. सगळ्या विद्यापीठाची माहिती संगणकावर एका जागी आणायची, हे तिचं काम. परीक्षांचं वेळापत्रक, ग्रंथालयाची सूची, कोणत्या विभागात कोण बसतं आणि त्याचा फोन नंबर काय, हे सगळं विद्यार्थ्याला कुठल्याही टेबलावरून दिसावं, अशी कल्पना होती. वेब तेव्हा जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतल्या मोजक्या यंत्रांबाहेर पडलेलं नव्हतं. पण अशी व्यवस्था उभारण्याचा ध्यास अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी घेतला होता आणि तिला ‘कॅम्पस-वाइड इन्फर्मेशन सिस्टिम’ असं भारदस्त नावही मिळालं होतं.

मिनेसोटाच्या समितीत निरनिराळ्या खात्यांची माणसं होती आणि प्रत्येकाची मागणी वेगळी होती. मागण्यांची यादी लांबत गेली. त्यातच संगणक विभागात दोन तट होते. एक तट मोठ्या मेनफ्रेम यंत्राचा, दुसरा टेबलावर मावणाऱ्या छोट्या संगणकांचा. समितीचा कल मेनफ्रेमकडे होता. आराखडा कागदावर जाडजूड होत गेला आणि प्रत्यक्ष चालणारी गोष्ट काही तयार होईना.

छोट्या संगणकांच्या केंद्रात मार्क मकेहिल आणि त्याचे सहकारी काम करत. फरहाद अंकलेसरिया, पॉल लिंडनर, डॅनियल टॉरी आणि बॉब अल्बर्टी ही त्यातली प्रमुख नावं. (अंकलेसरिया हे आडनाव मुंबईकर वाचकाला परकं वाटणार नाही.) संगणक अडला की विद्यापीठातली माणसं याच केंद्राला फोन करत. तेच ते प्रश्न दिवसभर येत आणि तीच ती उत्तरं दिवसभर द्यावी लागत. या मंडळींनी समितीचा आराखडा बाजूला ठेवला आणि काही आठवड्यांत एक अगदी साधी पद्धत लिहून काढली. पडद्यावर यादी दिसते, यादीतली एक ओळ निवडली की पुढची यादी किंवा मजकूर उघडतो. बस्स, इतकंच. मिनेसोटाचा प्रतीक-प्राणी म्हणजे बिळात राहणारा गोफर. त्यावरून तिचं नाव पडलं ‘गोफर’.

समितीला हे मुळीच रुचलं नाही. त्यांच्या यादीतल्या कितीतरी गोष्टी गोफरमध्ये नव्हत्या. तेव्हा मकेहिलच्या मंडळींनी १९९१ च्या एप्रिलमध्ये ते सॉफ्टवेअर इंटरनेटवर सगळ्यांना घेता येईल असं ठेवून दिलं. दुसऱ्या विद्यापीठांनी ते उचललं, आपापल्या यंत्रांवर बसवलं, एकमेकांच्या याद्या एकमेकांना जोडल्या. बाहेर इतकं नाव झाल्यावर घरच्या विद्यापीठाला ते नाकारणं अवघड गेलं.

गोफरची रचना बारकाईने पाहिली की ती कोणासाठी केली होती ते कळतं. यादीतल्या प्रत्येक ओळीच्या आधी एक अंक असे आणि तो अंक त्या ओळीमागे काय आहे ते सांगे. शून्य म्हणजे मजकूर, एक म्हणजे आणखी एक यादी, सात म्हणजे शोध. आणि दोन? दोन म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी. ही डिरेक्टरी शोधण्याची व्यवस्था इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नरने तयार केली होती. पुढे गाजलेला ‘युडोरा’ हा ईमेलचा प्रोग्रॅमही त्यानेच तिथे लिहिला. जगभर पसरलेल्या एका संगणकीय पद्धतीत यादी आणि मजकुराच्या पाठोपाठ ‘दोन’ या अंकाचा मान कोणाला मिळाला, तर प्राध्यापकाचा आणि कार्यालयाचा फोन नंबर शोधण्याला. ही रचना करणारी माणसं रोज फोन उचलत होती. लोकांना काय हवं असतं, हे त्यांना कोणी सर्वेक्षण करून सांगायची गरज नव्हती.

विद्यापीठाच्या संकेतस्थळाचा इतिहास लिहायचा तर तंत्रज्ञानाच्या पिढ्या मोजण्यापेक्षा हा धागा धरणं जास्त उपयोगाचं आहे. योजना कोणी आखली? प्रश्न विचारणाऱ्याच्या समोर बसणाऱ्याने, की त्याच्यापासून चार मजले वर बसणाऱ्याने?

मिनेसोटाच्या कितीतरी आधी, १९८२ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठात ‘सीयूइन्फो’ नावाची व्यवस्था सुरू झाली होती. स्टीव्ह वोरोना हा तिचा प्रमुख कर्ता. सूचना, वेळापत्रकं, विद्यापीठातल्या बातम्या असा मजकूर तिथे असे. पण ती खऱ्या अर्थाने गाजली १९८६ नंतर. विद्यापीठाच्या मानसोपचार सेवेचे प्रमुख जेरी फाइस्ट आणि वोरोना यांनी तिच्यावर ‘डिअर अंकल एझ्रा’ हे सदर सुरू केलं. एझ्रा कॉर्नेल हे विद्यापीठाचे संस्थापक. त्यांच्या नावाने एक काका उत्तरं देऊ लागला. विद्यार्थ्याने नाव न सांगता काहीही विचारावं. प्रेमभंग, परीक्षेची भीती, घरची आठवण, खोलीतल्या जोडीदाराशी भांडण. प्रश्न आणि उत्तर दोन्ही सगळ्यांना वाचायला मिळत. म्हणजे विचारणाऱ्या एकट्याला उत्तर मिळे आणि तोच प्रश्न मनात घेऊन गप्प बसलेल्या इतरांनाही मिळे. संगणकावरून दिलेल्या मानसिक आधाराचं हे फार जुनं उदाहरण आहे. त्या काळातली यंत्रं पाहता हे धाडसच म्हणायला हवं. एका समुपदेशकाला संगणक केंद्राच्या योजनेत मानाची जागा मिळाली म्हणून ते घडलं.

वेबच्या बाबतीतही पहिलं पाऊल टाकणाऱ्यांत अशीच एक व्यक्ती होती, एक ग्रंथपाल. स्टॅनफर्ड विद्यापीठ चालवत असलेल्या ‘स्लॅक’ या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला पॉल कुंझ १९९१ च्या सप्टेंबरमध्ये सर्नला गेला आणि तिथे टिम बर्नर्स-ली याने त्याला वेब दाखवलं. कुंझला सुरुवातीला त्यात फारसा रस वाटला नाही. पण दूरच्या एका यंत्रावरचा माहितीसाठा या पद्धतीने खिडकी उघडल्यासारखा वाचता येतो, हे पाहिल्यावर त्याला आपल्याकडच्या ‘स्पायर्स’ची आठवण झाली. भौतिकशास्त्रातल्या शोधनिबंधांची ही अवाढव्य सूची जगभरचे संशोधक वापरत, पण ती वापरायची म्हणजे किचकट आज्ञा पाठ असाव्या लागत. ती सूची सांभाळत होत्या ग्रंथपाल लुईझ ॲडिस. परत आल्यावर कुंझने त्यांना हे सांगितलं आणि त्यांनी ते लगेच उचलून धरलं. १२ डिसेंबर १९९१ रोजी युरोपबाहेरचा पहिला वेब सर्व्हर सुरू झाला. त्यावरचं पान कसं होतं? तीन ओळींचा मजकूर, एक दुवा ईमेलकडे नेणारा, एक दुवा त्या सूचीकडे. इमारतीचं चित्र नाही, संचालकांचं मनोगत नाही.

पुढच्या वर्षी हे काम नीट चालावं म्हणून ॲडिस यांच्या पुढाकाराने तिथे स्वयंसेवकांचा एक गट जमला. त्याने स्वतःला ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू विझर्ड्स’ असं नाव दिलं. ग्रंथपाल, प्रोग्रॅमर, भौतिकशास्त्रज्ञ, सगळे आपलं मूळ काम सांभाळून त्यात येत. आज विद्यापीठांत ‘वेब टीम’ म्हणून जे खातं असतं, त्याचा पूर्वज शोधायचा तर तो इथे सापडतो, आणि त्याची कर्ती एक ग्रंथपाल आहे ही गोष्ट ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक वर्गात सांगितली जायला हवी.

१९९२ आणि १९९३ या दोन वर्षांत विद्यापीठांमधून कामाचा नुसता पूर आला. कॅन्ससमध्ये लू मॉन्टुली, मायकेल ग्रोब आणि चार्ल्स रेझॅक यांनी विद्यापीठाच्या माहितीव्यवस्थेसाठी ‘लिंक्स’ हा ब्राउझर लिहिला. तो फक्त अक्षरं दाखवी, चित्रं नाहीत. त्याचा एक मोठा फायदा पुढे दिसला: ज्यांना दिसत नाही अशी माणसं वाचून दाखवणाऱ्या यंत्राच्या मदतीने लिंक्समधून वेब वाचू शकत. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठाच्या संगणक सेवेतल्या ब्रायन केली यांनी १९९३ च्या जानेवारीत आपल्या विद्यापीठाचं स्थळ उभं केलं. केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा लावून त्याचं चित्र १९९१ पासून आतल्या यंत्रांवर दिसत होतं, ते १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये वेबवर आलं. दुसऱ्या मजल्यावरून तिथवर जाईपर्यंत कॉफी संपलेली असे, म्हणून केलेली ही सोय. तिचं चित्र जेमतेम १२८ ठिपके रुंद आणि तितकंच उंच होतं, तरी ते पाहायला जगभरातून लोक येत. २२ ऑगस्ट २००१ रोजी तो कॅमेरा बंद झाला.

मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत तर विद्यापीठाचा मानाचा पत्ताच विद्यार्थ्यांच्या हाती होता. १९६९ पासून चालत आलेल्या एका विद्यार्थी संगणक मंडळाने १९९३ मध्ये वेब सर्व्हर सुरू केला आणि त्याला संस्थेच्या नावाआधी तीन डब्ल्यू असलेला पत्ता दिला. संस्थेला आपलं अधिकृत पान काढावंसं वाटलं तेव्हा तो पत्ता गेलेला होता, म्हणून कित्येक वर्षं अधिकृत पान ‘वेब’ या शब्दाने सुरू होणाऱ्या वेगळ्या पत्त्यावर राहिलं. याच मंडळातला मॅथ्यू ग्रे याने वेबवर किती स्थळं आहेत ते मोजणारा प्रोग्रॅम लिहिला. १९९३ च्या जूनमध्ये त्याला १३० स्थळं सापडली, डिसेंबरमध्ये ६२३ आणि पुढच्या डिसेंबरात दहा हजारांच्या वर. वाढीचा हा वेग लक्षात घेतला की पुढचे तंटे का झाले ते समजतं.

पहिला मोठा तंटा पैशाचा. १९९३ च्या वसंत ऋतूत मिनेसोटा विद्यापीठाने जाहीर केलं की कंपन्यांनी गोफर वापरला तर परवाना शुल्क द्यावं लागेल. विद्यापीठाची बाजू समजण्यासारखी होती. काही मोजक्या पगारदार माणसांवर जगभरच्या वापराचा भार पडला होता आणि निधी कोणी देत नव्हतं. पण ज्यांनी गोफरवर काम केलं होतं ते चमकले. आज कंपन्यांकडून मागणार, उद्या कोणाकडून? बर्नर्स-लीच्या कानावर ही कुजबुज आली आणि त्याने सर्नकडे जोर लावला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी विनामूल्य आणि विनाअट खुलं केल्याचा कागद सही करून दिला.

त्याच महिन्यात इलिनॉय विद्यापीठातल्या सुपरकॉम्प्युटर केंद्रातून ‘मोझेइक’ या ब्राउझरची पहिली पक्की आवृत्ती आली. मार्क अँड्रीसन हा तासाला पावणेसात डॉलरांच्या आसपास मिळवणारा विद्यार्थी आणि एरिक बिना हा नोकरीतला प्रोग्रॅमर, या दोघांचं हे काम. आता मजकुरातच चित्रं दिसू लागली. वर्षभरात वेबने गोफरला मागे टाकलं. मिनेसोटाने २००० मध्ये गोफरचं सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली आणलं, पण तोवर तिथे कोणी उरलं नव्हतं. इलिनॉयनेही आपल्या मुलांच्या कामावर हक्क सांगितला. अँड्रीसनने काढलेल्या कंपनीला ‘मोझेइक’ हे नाव सोडून १९९४ मध्ये ‘नेटस्केप’ व्हावं लागलं. स्टॅनफर्डमध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांची स्थळांची यादी, म्हणजे पुढचं ‘याहू’, आधी ‘अकेबोनो’ आणि ‘कोनिशिकी’ ही सुमो मल्लांची नावं दिलेल्या विद्यापीठाच्या दोन यंत्रांवर चालत होती. गर्दीने जाळं तुंबायला लागल्यावर विद्यापीठाने त्यांना बाहेर जागा बघायला सांगितलं.

विद्यापीठांनी जे निर्माण केलं त्याचं काय करायचं, याची योजना विद्यापीठांकडे नव्हती. हा या सगळ्या काळाबद्दलचा माझा निष्कर्ष आहे.

१९९५ नंतर चित्र पालटलं. वेब ही संगणक केंद्रातल्या उत्साही लोकांची गोष्ट उरली नाही. प्रवेश घेणारी मुलं आणि त्यांचे आईवडील पहिल्यांदा विद्यापीठ बघतात ते पडद्यावर, हे कुलगुरूंच्या आणि जनसंपर्क कार्यालयाच्या ध्यानात आलं. पहिल्या पानाची सूत्रं तिकडे गेली. पानाचे रंग ठरले, बोधचिन्हाच्या जागा ठरल्या, समित्या पुन्हा बसल्या. प्रत्येक विभागाला पहिल्या पानावर आपला दुवा हवा होता आणि कोणाला नाही म्हणायचं याचा अधिकार कोणाचा, हे ठरत नव्हतं. ब्रिटनमध्ये या कामातल्या माणसांना एकमेकांशी बोलायला जागा हवी म्हणून ब्रायन केली यांनीच, आता बाथ विद्यापीठातल्या ‘युकोल्न’ या संस्थेतून, १९९७ मध्ये एक कार्यशाळा भरवली. लंडनच्या किंग्ज कॉलेजात ती भरली आणि पुढे वर्षानुवर्षं भरत राहिली. विद्यापीठाचं वेबचं काम हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याला वेळ, माणसं आणि उद्दिष्टं लागतात, हे तिथे उघडपणे बोललं जाऊ लागलं.

तरी पहिल्या पानाचा आजार हटला नाही. ३० जुलै २०१० रोजी रँडल मन्रो याने आपल्या ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेत दोन वर्तुळं काढली. एका वर्तुळात विद्यापीठाच्या पहिल्या पानावर असलेल्या गोष्टी: परिसराची फिरती छायाचित्रं, माजी विद्यार्थ्यांच्या बातम्या, अध्यक्षांचं पत्र. दुसऱ्यात लोक जे शोधायला येतात ते: प्रवेशाचे अर्ज, शैक्षणिक दिनदर्शिका, गाडी लावायची जागा, उपयोगी पडेल असा नकाशा आणि प्राध्यापकांचे फोन नंबर. दोन्ही वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतात तिथे एकच गोष्ट उरली होती, संस्थेचं पूर्ण नाव. जगभरच्या विद्यापीठांतल्या वेब-कर्मचाऱ्यांनी ते चित्र आपापल्या साहेबांना दाखवलं. गोफरने ज्या फोन नंबरांना ‘दोन’ हा अंक दिला होता, ते एकोणीस वर्षांनी पहिल्या पानावरून गायब झाले होते.

मोठं उद्दिष्ट ठरवून, त्याला आकडा आणि तारीख बांधून, ते पुरं केल्याची उदाहरणंही आहेत, आणि त्यात एमआयटीच्या ‘ओपनकोर्सवेअर’चं नाव सगळ्यात वर घ्यावं लागेल. २००० च्या सुमारास इंटरनेटवरून शिकवून पैसा कमवायचा अशी हवा सगळीकडे होती. एमआयटीनेही प्राध्यापकांची समिती नेमली, बूझ ॲलन हॅमिल्टन या सल्लागार कंपनीला सोबत घेतलं आणि हिशेब मांडला. त्यातून फार काही हाती लागणार नाही असं दिसल्यावर समितीने उलटी शिफारस केली: अभ्यासाचं साहित्य फुकट द्या. अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी ती मानली आणि ४ एप्रिल २००१ रोजी तशी घोषणा झाली. मेलन आणि ह्युलेट या दोन प्रतिष्ठानांनी मिळून सुरुवातीला एक कोटी दहा लाख डॉलर दिले. ठरलं असं की आधी ५० अभ्यासक्रमांचा प्रयोग, मग ५००, मग जवळजवळ सगळे. २००२ च्या सप्टेंबरात ५० झाले, २००३ च्या सप्टेंबरात ५०० आणि २००७ च्या नोव्हेंबरात १,८००. भारतातल्या कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांनी रात्री जागून या नोट्स उतरवून घेतल्या आहेत. ही समिती यशस्वी झाली कारण तिने एक प्रश्न प्रामाणिकपणे सोडवला, हे साहित्य कोणाला हवं आहे? आणि पहिल्या दिवसापासून त्या कामाला वेगळी माणसं, वेगळा पैसा दिला. कोणाच्या उरलेल्या वेळात ते करून घेतलं नाही.

उद्दिष्टातून एखादा वाचक निसटला तर काय होतं, तेही कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठाने दाखवून दिलं. वेबची मानकं ठरवणाऱ्या संघाने १९९९ च्या मे महिन्यातच अपंग वाचकांसाठी पानं कशी करावीत याचे नियम प्रसिद्ध केले होते. चित्राला शब्दांत वर्णन द्या, चित्रफितीतल्या बोलण्याला पडद्यावर अक्षरांत मथळे द्या, नुसत्या रंगावर अर्थ सोडू नका. नियम होते, पण योजनांमध्ये ते नव्हते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय महासंघाने पेन स्टेट विद्यापीठाविरुद्ध तक्रार केली. ग्रंथालयाची सूची आणि विभागांची पानं अंध विद्यार्थ्यांना वापरता येत नव्हती. वर्षभरात समझोता झाला आणि विद्यापीठाला तारखा घालून सुधारणा कबूल कराव्या लागल्या. बर्कलीचं प्रकरण जास्त चटका लावणारं आहे. तिथल्या वर्गातल्या वीस हजारांहून जास्त व्याख्यानांच्या ध्वनिफिती आणि चित्रफिती जगाला फुकट उपलब्ध होत्या. ऐकू न येणाऱ्यांना त्या निरुपयोगी होत्या, कारण बहुतेकांना मथळे नव्हते. कर्णबधिरांच्या गॅलॉडेट विद्यापीठातल्या दोघा कर्मचाऱ्यांच्या तक्रारीवरून सरकारच्या न्याय खात्याने २०१६ च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठाला दोषी धरलं. मथळे देण्याचा खर्च पेलणार नाही असं म्हणत बर्कलीने २०१७ च्या मार्चमध्ये तो सगळा खजिना लोकांसाठी बंद केला. तक्रारदारांना दार उघडून हवं होतं. ते सगळ्यांसाठीच लावून घेतलं गेलं. शेवटी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये न्याय खातं आणि विद्यापीठ यांच्यात करार होऊन ऑनलाइन साहित्य सुगम करण्याची जबाबदारी विद्यापीठावर आली. व्याख्यान चित्रित होत होतं तेव्हाच मथळ्यांची तरतूद अंदाजपत्रकात असती तर यातलं काहीच घडलं नसतं.

आता थोडं आपल्याकडे. भारतातलं शैक्षणिक जाळं ‘अर्नेट’ या नावाने १९८६ मध्ये सुरू झालं. आठ संस्थांनी ते विणायला घेतलं, त्यांत एक मुंबईतल्या जुहूचं ‘एनसीएसटी’, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि दुसरी पवईची आयआयटी. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली एनसीएसटीने या जाळ्यात मोठा वाटा उचलला. सर्वसामान्य माणसाला विदेश संचार निगमकडून इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे आपल्या संस्थांतली माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून ईमेल पाठवत होती. सुरुवात उशिरा झाली, असं म्हणायला जागा नाही.

पुढे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तर विद्यापीठाच्या संकेतस्थळाची निम्मी योजना आयतीच लिहून दिली. कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली रचना, अधिकार, निर्णयाची पद्धत, अधिकाऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची यादी अशी १७ बाबींची माहिती कोणी मागण्याआधी स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली पुढच्या वर्षी जे नियम निघाले, त्यांनी संकेतस्थळं त्या तत्त्वांप्रमाणे असावीत असं बंधन घातलं.

आणि तरीही महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्यातला विद्यार्थी विद्यापीठाचं परिपत्रक उघडतो तेव्हा त्याला बहुतेकदा काय दिसतं? कागदावर मराठीत टाइप केलेला मजकूर, खाली कुलसचिवांची सही, शेजारी गोल शिक्का, वर जावक क्रमांक, आणि हे सगळं स्कॅन करून चढवलेलं चित्र. थोडं तिरकं, कडेला पंचिंगच्या भोकांची सावली. माणसाच्या डोळ्याला ते वाचता येतं. पण शोधयंत्राला त्यातले शब्द नीट दिसतीलच असं नाही, म्हणून ‘फेरतपासणी अर्जाची शेवटची तारीख’ असं शोधलं तर ते अनेकदा सापडत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या मोबाइलमधलं वाचक सॉफ्टवेअर त्या पानावर अनेकदा गप्प राहतं. यामागे एक जुनं कारण आहे. पूर्वी प्रत्येक कार्यालयात मराठीचा फाँट वेगळा होता आणि एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला की अक्षरांची रांगोळी होई. स्कॅन केलेलं चित्र मात्र सगळीकडे सारखंच दिसे. लोकांनी त्यातून शोधलेली ती व्यवहारी वाट होती. पण देवनागरी ‘युनिकोड’ या सामाईक अक्षरसंकेताच्या पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून, त्यात आहे आणि २००० च्या विंडोजपासून ती टेबलावरच्या साध्या संगणकांवरही नीट चालते. ते कारण संपून बराच काळ लोटला, सवय तेवढी राहिली.

विद्यापीठांच्या संकेतस्थळांची नवी निविदा निघते, तेव्हा तिच्यात नव्या रूपाची आणि रंगसंगतीची कलमं बरीच असतात. ज्यांच्या हाती ही निविदा लिहिण्याचं काम आहे त्यांना एक विनंती. कागद हातात घेण्यापूर्वी प्रवेशाच्या दिवसांत चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला आणि ग्रंथपालांना एक दुपार बोलवा आणि लोक त्यांना काय विचारतात ते लिहून घ्या. ते प्रश्न पहिल्या पानावर आणा, प्रत्येक विभागाचा चालू असलेला फोन नंबर त्यांच्या शेजारी द्या. सही-शिक्क्याचा कागद फाइलला राहू द्या. पण परिपत्रकाचा मजकूर युनिकोड मराठीत, अक्षर म्हणून वाचता येईल असा, त्याच दिवशी स्थळावर चढवा. त्याला नवं यंत्र लागत नाही, नवी कंपनीही लागत नाही. कुलसचिव कार्यालयाचा एक आदेश पुरतो.